साडेतीन हजार किलोमीटर आणि अडीच तास

आमच्या गावात कुणालाही विचारा, जेद्दा किती लांब आहे? उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. "साडेपाच तास," असंच येतं. म्हसळ्याच्या पुढे, खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात असं घर शोधावं लागेल, ज्यातला एकही माणूस जेद्दा, रियाध, कुवेत, दोहा नाहीतर दुबईला गेलेला नाही. त्यामुळे शाळेत रेखांश शिकवताना मला लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. ज्याचे अब्बा जिथे आहेत, ते शहर फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, "आत्ता तिथे किती वाजले असतील?" मुलं वहीत बघत नाहीत, बोटांवर मोजतात. त्यांच्या घरी रोज रात्री फोनच्या आधी हाच हिशेब होत असतो.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी आणि भूगोल शिकवते. रेखांशाला आमची मुलं तूल-उल-बलद म्हणतात आणि मराठीच्या तासाला मी त्यांना रेखांश म्हणायला लावते. नाव कुठलंही घ्या, गणित एकच. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व या रेखावृत्तावर धरलेली आहे, सौदी अरबची 45 अंश पूर्वेवर. वजाबाकी साडेसदतीस अंश. त्याला चाराने गुणलं की 150 मिनिटं, म्हणजे अडीच तास. पूर्वेकडे येताना मिळवायचे, पश्चिमेकडे जाताना वजा करायचे. हे उदाहरण मी इतक्या वर्षांत किती वेळा सोडवलं असेल, त्याची मोजदाद नाही. आणि जिथे ते खऱ्या अर्थाने सोडवायचं होतं, तिथे चुकले. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी अंतराचं सांगते.

मुंबईचा विमानतळ साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, जेद्दाचा पावणेबावीसच्या आसपास. म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ एकाच पट्ट्यात. विमान मुंबईहून निघतं आणि बहुतेक सरळ पश्चिमेला जातं. खाली आधी अरबी समुद्र, मग ओमानचे डोंगर, मग सौदीचं वाळवंट आणि शेवटी तांबड्या समुद्राचा किनारा. हवेतून अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. जाताना साडेपाच तास लागतात आणि येताना पाचच्या आत. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर या पट्ट्यात, विशेषतः थंडीच्या दिवसांत, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना विमान त्याच्याशी झुंजत जातं आणि येताना तोच वारा पाठीशी असतो. आमच्याकडची माणसं याचं कारण वेगळं सांगतात. म्हणतात, घरी येताना विमानालाही घाई असते.

आमच्या दादांनी हज केला तो जहाजाने. 'अकबर' नावाचं जहाज होतं. गावातून लाँच आणि एसटी करत ते मुंबईला पोचले, काही दिवस साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहिले आणि मग जहाजावर चढले. हवेतून सरळ पश्चिमेला जाता येतं, पाण्यातून नाही. जहाजाला अरबस्तानाला खालून वळसा घालून एडनवरून, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या वाटेने तांबड्या समुद्रात शिरावं लागतं. त्यामुळे अंतर वाढून चार हजार किलोमीटरच्या वर जातं आणि वेळ आठवडा-दहा दिवसांवर. यलमलमची सीध आली की जहाजाचा भोंगा वाजायचा आणि ज्यांनी अजून एहराम बांधला नव्हता त्यांची धावपळ व्हायची, हे दादा फार रंगवून सांगायचे. मुंबईहून हजला जाणारी जहाजं 1995 ला बंद झाली.

पण दादांच्या हजची एक गोष्ट घरात हळू आवाजात सांगितली जायची. ते तिकडे असताना इथे त्यांची आई वारली. ते परत आले, मुंबईच्या बंदरात उतरले, आणि घ्यायला आलेल्या चुलत भावाच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. तोवर दफनाला महिना उलटून गेला होता. दादा रडले असणार, पण कुणावर रागावल्याचं किंवा कुणाला दोष दिल्याचं कुणाला आठवत नाही. पणजीच्या जनाज्यासाठी दादांची वाट बघायची की नाही, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. पडणार तरी कसा? तो प्रश्न विमानाबरोबर आला.

अब्बा गेले ते 2013 च्या जानेवारीत, एका बुधवारी, असरनंतर. फार दिवस आजारी होते असं नाही. नमाज पढून पडवीत बसले होते, अम्मीकडे पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी शाळेतून नुकतीच आले होते, बुरखाही काढला नव्हता.

भाऊ जेद्दात. आम्ही दोघंच बहीणभाऊ, तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिकडे दुपारचे सव्वादोन वाजले होते. मीच फोन केला. तो कामावर होता. मला शब्द फुटेना, मग मामूंनी फोन घेतला.

मय्यत झाली की आपल्याकडे उशीर करत नाहीत. जनाजा तयार झाल्यावर ताटकळत ठेवू नये ही शिकवण लहान मुलालाही माहीत असते. त्यामुळे मगरिबला मशिदीतून आलेली वडीलधारी मंडळी अंगणात बसली तेव्हा पहिला विचार हाच होता की, इशानंतर दफन करून टाकावं. गावातला गाव, कब्रस्तान पाच मिनिटांवर. पण एकुलता एक मुलगा. मामू म्हणाले, "पोरगा येतो का, किती वाजता येतो, एवढं तरी कळू द्या."

सौदीतून निघणं म्हणजे नुसतं तिकीट काढणं नव्हे, हे ज्यांच्या घरचं माणूस तिकडे आहे त्यांना सांगायला नको. पासपोर्ट तेव्हा कंपनीत जमा असायचा. खुरूज-औदा, म्हणजे जाऊन परत यायचा परवाना, काढावा लागतो. अल्लाहचा शुक्र की भावाचा मुदीर भला माणूस होता. त्याने स्वतः धावपळ करून दोन-तीन तासांत कागद करून दिले. आपल्याकडे रात्रीचे नऊ झाले असताना भावाचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, "आपा, तिकीट मिळालं. रात्री पावणेबाराचं विमान आहे. सरळ मुंबई. पाच तास. माझ्यासाठी थांबा म्हणावं."

एवढंच. फोन ठेवून मी अंगणाच्या दाराशी गेले. मामूंनी विचारलं, "बेटा, किती वाजता पोचेल?"

कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागे मी हिशेब मांडला. ते पान अजून माझ्याकडे आहे. पावणेबारा अधिक पाच, पहाटेचे पावणेपाच. विमानतळातून बाहेर पडायला एक तास, पावणेसहा. तिथून गाडीने गाव पाच तास, पावणेअकरा. मी म्हणाले, "अकरापर्यंत येईल."

पावणेबारा हे जेद्दाचे होते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे सव्वादोन वाजणार होते. भाऊ उतरणार होता पावणेपाचला नाही, सव्वासातला. घरी पोचणार होता सव्वाएकला.

अंगणात बसलेल्या दहा-बारा जणांपैकी निम्म्यांनी आयुष्याची वीस-वीस वर्षं सौदी-कुवेतमध्ये काढली होती. अडीच तासांचा फरक त्यांच्या अंगात मुरलेला. पण कुणी काही बोललं नाही. त्यांना वाटलं असणार, आपा शिकलेली आहे, शाळेत हेच शिकवते, तिने धरूनच सांगितलं असेल. जमातीचे सदर म्हणाले, "ठीक आहे. रात्रभर ठेवू. साडेअकराला जनाजा." मशिदीच्या लाउडस्पीकरवरून इलान झालं. मुंब्र्याला, महाडला, श्रीवर्धनला फोन गेले.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांना माहीत आहे. फजर पढून मी मोबाइल हातात घेतला तेव्हा सहा वाजून गेले होते. हिशेबाने भाऊ विमानतळाबाहेर पडलेला असायला हवा होता. त्याचा फोन बंद. रात्री आलेला एक मेसेज होता: "बसलो." वेळ 2 वाजून 5 मिनिटं. माझ्या हिशेबाप्रमाणे तो पावणेबाराच्या आधी यायला हवा होता. मी मनाशी म्हटलं, आमच्याकडे रेंजच धड नसते, उशिरा पोचला असेल. उत्तर समोर लिहिलेलं असताना मूल जसं स्वतःचं चुकलेलं गणित बरोबर असल्याचं पटवत बसतं, तसं ते होतं. वर्गात अशा मुलाला मी लगेच पकडते.

सात वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मी मागच्या दारी विहिरीपाशी होते. पोफळींच्या मागून नुकतं ऊन येत होतं. "उतरलो, आपा. आत्ताच उतरलो."

त्या क्षणी कळलं. सगळंच एकदम कळलं. सव्वादोन, अडीच तास, साडेसदतीस अंश.

मी आत आले. माजघराच्या दारात मामू उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठवर आला?"

मी म्हणाले, "विमान लेट झालं. आत्ता उतरलाय."

माझ्या हिशेबाची चूक ही चूक होती. बाप गेलेल्या रात्री कुणाचाही हिशेब चुकू शकतो, आणि अल्लाह ती माफ करेल अशी मला आशा आहे. पण "विमान लेट झालं" ही चूक नव्हती. ते मी ठरवून बोलले. ठरवायला एक श्वासही लागला नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर, ज्या बाईला गाव मॅडम म्हणतं, तिला अडीच तासांचं गणित आलं नाही हे सांगायची मला लाज वाटली. अब्बा आत चादरीखाली होते आणि मी माझी अब्रू सांभाळत होते.

दहाच्या सुमारास अंगणात पुन्हा बोलणं झालं. गुस्ल-कफन झालेलं होतं. मी दाराआडून ऐकत होते. मामू म्हणाले, "जोहरपर्यंत थांबूया का? दीडच्या जमातीनंतर करू." दोघा-तिघांनी होकारही दिला. मग सदर म्हणाले, "थांबायला हरकत नव्हती. पण आता विमान लेट झालंय. एकदा लेट झालं की त्याचा काय भरवसा? सामान केव्हा मिळणार, बाहेर केव्हा पडणार. वरून रस्त्याची ही दशा. जोहर म्हणता म्हणता असर होईल. मय्यत कालपासून ठेवली आहे."

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी योग्य तेच ठरवलं. मी तेव्हा दाराबाहेर एक पाऊल टाकून म्हणायला हवं होतं की, विमान लेट झालेलं नाही. ते अगदी वेळेवर आहे. माझंच मोजणं चुकलं. तो सव्वाएकला इथे असेल. ही वेळ पक्की आहे, तिच्यावर भरवसा ठेवा. एवढ्या चार वाक्यांनी जोहरचं ठरलं असतं. मी म्हणाले नाही.

आता रस्त्याबद्दल. मुंबईच्या विमानतळापासून आमचं गाव 180 किलोमीटरच्या आसपास. जेद्दापासून मुंबई 3,500 किलोमीटर. दोन्हींना लागणारा वेळ तेव्हा सारखाच होता, पाच तास. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम नुकतं सुरू झालं होतं. पनवेलपासून खोदकाम, वडखळ नाक्याला हमखास कोंडी, पुढे नागोठणे-कोलाडपर्यंत खड्डे, आणि माणगावला महामार्ग सोडला की साईच्या घाटातली वळणं. आजकाल मुलं मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकतात आणि एका सेकंदात अंतर आणि वेळ दाखवतात. ते आकडे खरे असतात. पण ते धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे. मुदीरच्या सहीसाठी लागलेले तास त्यात नाहीत, विमानतळावर तीन तास आधी पोचणं त्यात नाही आणि वडखळ नाका तर नाहीच नाही. भावाला अब्बांची खबर मिळाली त्या क्षणापासून तो अंगणात पाऊल टाकेपर्यंत साडेवीस तास झाले. त्यातले हवेतले पाचसुद्धा नव्हते.

साडेअकरा वाजले. बाराही वाजले. बारा वाजता भावाचा फोन आला की तो माणगावात पोचला आहे. मामूंनी सदरांकडे पाहिलं. सदरांनी मान खाली घातली. जनाजा उचलला तेव्हा अम्मी एकदाच म्हणाली, "एक तास." त्यापुढे काही बोलली नाही.

भाऊ सव्वाएकला आला. सव्वाएकला पाच मिनिटं कमीच होती. मशिदीत जोहरची तयारी चालू होती. अंगणात कब्रस्तानाहून परतलेली माणसं हातपाय धूत होती. त्याने अम्मीला मिठी मारली, मला मारली, आणि काही न विचारता मामूंबरोबर कब्रस्तानाकडे चालायला लागला. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई. ज्याला जनाज्याची नमाज मिळाली नाही त्याला कब्रीपाशी उभं राहून ती पढता येते. पेशइमाम साहेब जोहरनंतर त्याच्याबरोबर गेले, आणखी चौघं-पाचजण उभे राहिले. ती नमाज त्याला मिळाली. अब्बांना मिट्टी द्यायला, त्यांचं तोंड बघायला नाही मिळालं.

तो वीस दिवस राहिला आणि परत गेला. विमान लेट झालं म्हणून मुलाला बापाचं तोंड दिसलं नाही, ही गोष्ट मग गावात तशीच रुजली. पुरशाला आलेल्या बायका विमान कंपन्यांना नावं ठेवायच्या आणि मी चहाचे कप उचलायचे.

पुढची अनेक वर्षं मी वर्गात वेळेचं ते उदाहरण जेद्दावर घेतलं नाही. दोहा घेतलं, कुवेत घेतलं. तिथला फरकही अडीच तासांचाच आहे. पण जेद्दा फळ्यावर लिहायला हात व्हायचा नाही.

2023 च्या डिसेंबरात भाऊ सुट्टीवर आला होता. परत जाताना तो अम्मीला आणि मला उमऱ्याला घेऊन गेला. दुपारचं विमान होतं. आम्ही मुसाफिर, म्हणून जोहर आणि असर कसर करून, जोडून विमानतळावरच पढलो. भावाने एहराम तिथेच बांधला. आम्ही बायका आमच्या साध्या कपड्यांत. नियत मीकातच्या आधी विमानात करायची होती. अम्मी खिडकीपाशी, मी मध्ये, भाऊ कडेला. अम्मीचं हे पहिलंच विमान. ओमान येईपर्यंत ती खाली बघत होती, मग तसबीह हातातच ठेवून झोपली.

पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानातली दुपार कधी अनुभवली आहे का? संपतच नाही. आपल्या अक्षांशावर पृथ्वीची जमीन पूर्वेकडे ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर वेगाने सरकत असते आणि विमान उलट दिशेने ताशी नऊशेच्या आसपास. म्हणजे सूर्य मावळायला निघतो आणि आपण त्याच्या मागे धावत राहतो. त्याला गाठता येत नाही, पण तो खाली जायला दुपटीहून जास्त वेळ घेतो. रमजानात अशा विमानात बसलेल्या रोजेदाराचा रोजा लांबतो. खाली मुंबईत इफ्तार होऊन गेलेला असतो आणि वर खिडकीत ऊन असतं. उलमा सांगतात की, आपण जिथे आहोत तिथला सूर्य धरायचा, मागे सोडलेल्या गावाचा नाही. माझ्या मनगटावर मात्र घरचीच वेळ होती. साडेसहा. गावात मगरिब होऊन गेली असेल, आणि इथे तिरपं ऊन अम्मीच्या मांडीवर पडलं होतं.

भाऊ म्हणाला, "आपा, घड्याळ मागे कर. अडीच तास."

मी घड्याळ काढलं. किल्ली ओढली आणि काटे फिरवता फिरवता त्याला सांगितलं. सगळं. कॅलेंडरचं पान, दोन वाजून पाच मिनिटांचा मेसेज, विहीर, मामूंना काय म्हणाले ते. अम्मी जागी होऊ नये म्हणून हळू बोलत होते. त्याच्याकडे बघत नव्हते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

मी म्हणाले, "काय माहीत होतं?"

"विमान लेट नव्हतं, आपा. मी त्यातच बसलो होतो ना. पाच-दहा मिनिटं आधीच उतरलं होतं. कब्रस्तानात जाताना मामू म्हणाले, तुझं विमान लेट झालं बेटा, नाहीतर थांबलो असतो. मी हो म्हणालो."

दहा वर्षं, जवळजवळ अकरा. प्रत्येक सुट्टीत तो येत होता, कुणी ना कुणी ती लेट विमानाची गोष्ट काढत होतं, आणि तो हो म्हणत होता. खोटं मी बोलले होते, पण ते निभावत होता तो.

मी विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"पहिल्यांदा राग होता. नंतर वाटलं, पावणेबारा इथले की तिथले, हे मीही कुठे सांगितलं होतं." थोडं थांबून म्हणाला, "पण मामूंना खरं सांगायला हवं होतंस. ते थांबले असते."

"हो," मी म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

मामू 2019 ला गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं. सदर आहेत, पण आता माणसं ओळखत नाहीत.

तेवढ्यात सूचना झाली की, थोड्याच वेळात मीकातची सीध येईल. सगळ्या विमानात हालचाल सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या काकांचा एहराम खांद्यावरून घसरला होता, भावाने उठून तो नीट करून दिला. मी अम्मीला हलवून जागं केलं. तिने डोळे उघडले, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "असर राहिली का?" मी म्हणाले, "नाही, अम्मी, पढलीय आपण." आम्ही तिघांनी नियत केली. भाऊ तल्बिया म्हणायला लागला, मागून-पुढून सगळेच म्हणायला लागले.

परत आल्यापासून मी वर्गात पुन्हा जेद्दाचं उदाहरण घेते. गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीने ते सोडवलं आणि अडीच तास मिळवायचे विसरली. मी तिला रागावले नाही, पण पाच उदाहरणं घरी सोडवायला दिली.

अम्मीला अजून हे ठाऊक नाही. तिच्या लेखी विमान लेट झालं होतं. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हे मासिक आलं की शुक्रवारी दुपारी मी तिला वाचून दाखवते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, तिला मधलं गाळलेलं चालत नाही. हा अंक आला की मला हेही पान वाचावं लागेल.